सातव्या गल्लीतले शेजारी

आमच्या बिल्डिंगच्या मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी सात वाजता एक थडगं येतं.

बाकीचे लोक गुलाब पाठवतात, उगवता सूर्य पाठवतात, वाफाळत्या चहाच्या कपाखाली सुविचार पाठवतात. अकराव्या मजल्यावरचे चिंदरकरकाका थडग्याचा फोटो पाठवतात. खाली 'सुप्रभात' आणि त्याखाली पत्ता. 'कॅप्टनसाहेब व मॅडम, तिसरी गल्ली, पिंपळाच्या उजवीकडे, तळमजला व पहिला माळा.' चौदाव्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात ग्रुप सोडला. मग सेक्रेटरींनी काकांना फोन करून समजावलं, की सकाळी उठल्या उठल्या लोकांना असं काही बघायला बरं वाटत नाही. काका म्हणाले, "तुमचो गुलाब दुपारपर्यंत सुकता. ह्यो दगड शंभर वर्सां उभो आसा. आता तुम्हीच सांगा, शुभ कोण?" सेक्रेटरींनी फोन ठेवला आणि थडगी चालू राहिली.

लालबागहून कॉटन ग्रीनच्या बाजूला उतरलं की गोदामांच्या मागे गोऱ्या साहेबांची एक जुनी दफनभूमी आहे. आम्ही तिला सिमेट्री म्हणतो. लहानपणी तिच्याकडे बोट दाखवायची आम्हांला बंदी होती. बोट झडतं म्हणायचे. चुकून दाखवलंच तर ते बोट लगेच पाचदा चावायचं, असा उताराही होता. मी तेव्हा इतकी भित्री होते, की बोट खिशात असलं तरी खबरदारी म्हणून चावून घ्यायची. आज मी बावन्न वर्षांची आहे, विमा कंपनीत अधिकारी आहे, माणसाच्या मरणावर रोज सह्या करते. पण परवापरवापर्यंत त्या फाटकाच्या आत मी पाऊल टाकलं नव्हतं.

काकांचं म्हणाल तर त्यांनी घरच त्या बाजूचं मागून घेतलं. आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा फ्लॅट चिठ्ठ्या टाकून वाटले. काकांना पुढच्या बाजूचा, रस्त्याकडे तोंड करून असलेला, भरपूर वाऱ्याचा फ्लॅट लागला होता. त्यांनी तो मागच्या बाजूला चिठ्ठी निघालेल्या एकाला देऊन त्याचा घेतला. त्या गृहस्थाला अजूनही वाटतं, की आपण म्हाताऱ्याला गंडवलं. काका खिडकीत उभे राहून सिमेट्रीची झाडं बघतात आणि त्यांनाही तसंच काहीसं वाटत असावं.

काका पोस्टमन होते. उमेदीची सगळी वर्षं गिरगावात, खेतवाडीच्या गल्ल्यांत पत्रं वाटली. पहिल्या गल्लीपासून शेवटच्या गल्लीपर्यंत कुठल्या घरात कोण राहतं, कोण कुणाकडे पोटभाडेकरू आहे, कुठल्या जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे, हे आजही त्यांना पाठ आहे. 'पत्तो पुरो होयो' हे त्यांचं आवडतं वाक्य. तुम्ही सांगितलंत, की भाचीचं लग्न दादरला आहे, तर त्यांना ते ऐकूच येत नाही. दादरला कुठे, कुठला रस्ता, कशाच्या समोर, कितवा माळा, हे सगळं सांगून झालं की मगच ते विचारतात, "बरा, भाची कोणती?"

नोकरीची शेवटची चार वर्षं ते बदली होऊन आमच्याच बाजूच्या पोस्टात आले, आणि तिथे त्यांच्या हातात एक विलायती पत्र पडलं. वर 'माझ्या बाबांना' असं लिहून एका साहेबाचं नाव, आणि पत्ता म्हणून नुसतं सिमेट्री, मुंबई. कुणीतरी मेलेल्या बापाला पत्र लिहिलं होतं. मागे पाठवणाऱ्याचा पत्ता नव्हता. बाकीचे पोस्टमन म्हणाले, मयत असा शेरा मारून टाक आणि विषय संपव. काकांना ते पटेना. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच शब्दांत सांगते: "मयत शेरो कधी मारूचो? माणूस पत्त्यावर गावलो नाय तर. ह्यो तर पत्त्यावरच आसा. घर बंद नाय, सोडून गेलो नाय. मगे पत्र परत कित्याक?"

अडीच दिवस लागले म्हणे तो साहेब सापडायला. गवत कमरेएवढं होतं आणि अर्ध्या दगडांवरची अक्षरं शेवाळाने भरलेली. शेवटी सापडला. काकांनी ते पत्र दगडाच्या फटीत नीट सरकवलं आणि पोस्टात येऊन वहीत लिहिलं, दिले. पत्रात काय होतं, असं मी एकदा विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारलं नाही. पोस्टमनने पत्र वाचायचं नसतं.

त्या अडीच दिवसांत शेजारपाजाऱ्यांची ओळख झाली आणि ती वाढत गेली. निवृत्त झाल्यावर काकांच्या वयाची माणसं शिवाजी पार्कात चालायला जातात, कट्ट्यावर बसून गुडघ्यांवर बोलतात. काका सिमेट्रीत जातात. खांद्याला जुनी खाकी पिशवी. तीत पाण्याची बाटली, नारळाच्या काथ्याची किशी आणि एक जाडजूड वही. किशीने आणि साध्या पाण्यानेच दगड घासायचा, असा त्यांचा नियम आहे. साबण चालत नाही. ॲसिडचं नाव काढलं तर ते उभे राहतात. एकदा सफाईला आलेल्या एका कामगाराने घाई म्हणून ॲसिड ओतलं, तेव्हापासून तो काकांना बघून गल्ली बदलतो. "ॲसिड घातलास की वर्षात संगमरवराची साखर होता," काका सांगतात. "बोट फिरवलास की नाव हातात येता. माणसाकडे नावाशिवाय आता काय उरला हा?"

अक्षरं पुसट होतात म्हणून ती वहीत उतरवून ठेवायची. पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढायचं, मनगटाएवढं झालं की ते थडगं फोडतं. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नाही. बघून बघून समजलं.

सिमेट्रीला त्यांनी खेतवाडीसारखे गल्ल्यांचे नंबर दिले आहेत. पहिली ते सातवी. पूर्वी एकाच खड्ड्यात एकावर एक असे घरातले दोघे-तिघे पुरायचे, म्हणून मग माळे आले. खाली जो आधी गेला तो तळमजल्यावर, बायको पहिल्या माळ्यावर, मुलगा दुसऱ्या. एकदा परदेशातून एक म्हातारी बाई पणजोबांना शोधत आली होती. ऑफिसातल्या रजिस्टरात पान फाटलेलं. काकांनी तिला सरळ जागेवर नेऊन उभं केलं आणि म्हणाले, "मॅडम, युवर ग्रँडफादर, सेकंड फ्लोअर." बाई बराच वेळ आकाशाकडे बघत राहिली.

काकांचं इंग्रजी सगळं दगडांवरून आलेलं आहे. त्यामुळे ते फार भारदस्त आहे, पण वापरताना जरा जपावं लागतं. मला बढती मिळाली तेव्हा बिल्डिंगने छोटा समारंभ केला होता. काकांनी स्वतःच्या हाताने केलेलं कार्ड दिलं. त्यात माझं नाव, जन्मतारीख आणि खाली 'डीपली रिग्रेटेड बाय ऑल हू न्यू हर'. म्हणजे, हिच्या जाण्याने ओळखणाऱ्या सर्वांना अतीव दुःख झालं. ते कार्ड मी जपून ठेवलं आहे. कधीतरी उपयोगी पडेलच.

तुम्हांला वाटेल, ह्या माणसाला साहेबांचा फार पुळका. तसं अजिबात नाही. पाचव्या गल्लीत एका गिरणीतला गोरा स्पिनिंग मास्तर आहे. काकांच्या वडिलांना त्यानेच कामावरून काढलं होतं. चिंदरकरांचं बिऱ्हाड त्या वर्षी गावी गेलं आणि दोन पावसाळे पेजेवर राहिलं. काका त्याचाही दगड घासतात, पण सगळ्यांचे झाल्यावर. "त्याचो नंबर शेवट," ते म्हणतात. "थांबानी जरा. माझो बापूस गेटवर उभो रवायचो."

ह्या सगळ्या प्रकाराला चिंदरकरकाकींचा विरोध आहे, असं निदान काकी तरी सांगतात. काकी अंगाने बारीक आणि आवाजाने मोठ्या; मुलाला मारलेली 'सुनील्या' ही हाक गच्चीपर्यंत ऐकू येते. त्या कधी सिमेट्रीत गेल्या नाहीत. बायकांनी अशा जागी जायचं नसतं, हे त्यांचं मत ठाम आहे. पण सर्वपित्री अमावास्येला वडे त्याच करतात. आमच्या मालवणी घरांत त्या दिवशी वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर असं सगळं करून पितरांसाठी पान वाढतात. काकांच्या घरी दोन पानं वाढतात. एक चिंदरकरांच्या पितरांना आणि एक ज्यांचं इथे कुणी नाही त्या साहेब लोकांना. साहेबाच्या आमटीत मिरची कमी आणि नारळाचं दूध जास्त. शिवाय दोन मारी बिस्किटं. "मेल्यांनी राज्य केल्यानी तेव्हा पण आमकाच रांधूक लावल्यानी," असं म्हणत काकी डबा भरतात.

डब्यात सगळ्यात वर एक अगदी छोटा वडा असतो, रुपयाएवढा, वेगळ्या कागदात बांधलेला. मी एकदा विचारलं, हा कुणाचा? काकी म्हणाल्या, "पीठ उरला, केलंय. तुका काय?" दर वर्षी बरोबर तेवढंच पीठ कसं उरतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सिमेट्रीचं ऑफिस सांभाळणारे फर्नांडिस हे शांत गृहस्थ आहेत. त्यांनी पहिल्या वर्षी ह्या वड्यांना हरकत घेतली होती. काकींनी त्यांच्यासाठी वेगळा डबा पाठवला. तेव्हापासून सर्वपित्रीला फर्नांडिस घरून जेवण आणत नाहीत. कावळ्यांचा प्रश्न तर कधी आलाच नाही. कावळे पान बघतात, धर्म बघत नाहीत.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मागच्या हिवाळ्यात सिमेट्रीच्या फाटकावर नोटीस लागली. सातवी गल्ली, म्हणजे अगदी मागची, भिंतीला लागून असलेली रांग, मोकळी करायची. तिथल्या थडग्यांवर वर्षानुवर्षं कुणी आलेलं नाही. नव्याने मरणाऱ्यांना जागा नाही. ज्यांचे कुणी नातेवाईक असतील त्यांनी नव्वद दिवसांत फॉर्म भरून द्यावा. बाकीचे दगड काढले जातील.

त्या दिवशी दुपारी ग्रुपवर नोटिशीचा फोटो आला आणि खाली काकांचा मजकूर: 'सातव्या गल्लीतील रहिवाशांच्या हक्कांबाबत तातडीची सभा. स्थळ: गच्ची. वेळ: सहा.'

आता हे समजायला गिरणगावात राहावं लागतं. आम्ही लोकांनी पुनर्विकासात पंधरा वर्षं काढली. संमतीपत्रं, पात्र-अपात्र, बिल्डरच्या मीटिंगा, तीन वर्षं सांगून सात वर्षं काढलेला तात्पुरत्या घरांचा ट्रान्झिट कॅम्प. आमच्या अंगणवाडीतल्या पोरालाही कळतं, की भाडेकरूला लेखी दिल्याशिवाय हलवता येत नाही. काकांनी ती नोटीस वाचली ती त्याच डोळ्यांनी. सभेला चार माणसं होती. काका, मी, गच्चीचे दिवे कोण जाळतंय ते बघायला आलेले सेक्रेटरी, आणि काकांना चहाला बोलवायला आलेल्या काकी.

"बेचाळीस बिऱ्हाडां आसत," काकांनी सुरुवात केली. "एकाचोय वारस हजर नाय. म्हणून काय तेंका उचलून फेकूचा?"

"काका, तिथे नवीन लोकांना पुरायला जागा नाही. त्यांचंही खरं आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"खरां आसा. मी खय नाय म्हणतंय? आमच्या टायमाक पण हेच सांगितलेला. पण आमका विचारलेला. ह्यांका विचारूक कोण हा? मी आसंय. मी बेचाळीस फॉर्म भरतंय."

"आणि नातं काय लिहिणार?"

काकांनी जरा विचार केला. "शेजारी," ते म्हणाले.

फॉर्म इंग्रजीत होते. आणि माझं अक्षर चांगलं. शाळेपासून ह्या अक्षराने माझा घात केला आहे. अशी मी, बोटं चावणारी, एका शनिवारी सकाळी काकांच्या मागोमाग त्या फाटकातून आत गेले. सांगायला लाज वाटते, पण जागा छान होती. गोदामांचा आवाज भिंतीपाशी थांबत होता. झाडाखाली बुलबुल होते. काका चालता चालता दोन्ही बाजूंना मान हलवत होते. ओळखी करून देत होते. "ही मॅडम शाळा चालवायची. ह्यो बंदरावरचो इंजिनीयर, दारू पिऊन नाय, तापानं गेलो. वय बघ. चोवीस. ह्यो सव्वीस. हे बघ, बावीस. पोरां होती गो सगळी. आवशीबापाशींपासून म्हयन्याच्या वाटेर येऊन मेली."

सातवी गल्ली सगळ्यात गरीब. मोठे देवदूत वगैरे नाहीत, लहान लहान दगड. मी एका दगडावर वर्तमानपत्र अंथरून बसले. काका वहीतून नाव, साल आणि पत्ता सांगत, मी लिही. नातं: नेबर. नातं: नेबर. एकेक करत दहा वाजेपर्यंत एकेचाळीस झाले.

"शेवटचो मी भरतंय," काका म्हणाले. "तू दमलंस."

मी खरंच दमले होते. ते पाठमोरे होऊन दूर एका बकुळीखाली, त्यांच्या भाषेत ओवळीखाली, जाऊन बसले आणि बराच वेळ लिहीत होते. त्यांना इंग्रजी अक्षरं काढायला वेळ लागतो, म्हणून मी घाई केली नाही.

ऑफिसात फर्नांडिसांनी गठ्ठा घेतला. काका बाहेर नळावर बाटली भरायला गेले. फर्नांडिस एकेक फॉर्म उलटत होते आणि शेवटच्यापाशी थांबले.

"मॅडम, हे बघा जरा. सगळीकडे नेबर लिहिलंय. इथे फादर."

मी फॉर्म घेतला. दगडावरचा मजकूर काकांनी कॅपिटल अक्षरांत उतरवला होता. दगडाचा वरचा भाग तुटलेला, आईबापांचं नाव त्यातच गेलेलं. उरलं होतं ते एवढंच: तान्ही मुलगी, वय अकरा दिवस. खाली साल. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं. नाव नव्हतं. आणि नात्याच्या रकान्यात फादर.

"चुकून झालं असेल. मी नीट करून देते," म्हणून मी पेन काढलं. पण ते अक्षर इतकं दाबून लिहिलेलं होतं, की कागद मागून उठला होता. चुकून लिहिलेलं अक्षर असं नसतं. मी पेन पर्समध्ये ठेवलं.

"राहू दे तसंच," मी म्हटलं.

फर्नांडिसांनी माझ्या हातातल्या फॉर्मवरच्या सालावर बोट ठेवलं. "अंकल को मालूम है ना, साल क्या लिखा है?"

"त्यांना सगळी सालं पाठ आहेत," मी म्हटलं.

घरी आल्यावर मला चैन पडेना. काका दुपारी झोपतात तेव्हा मी काकींकडे गेले. त्या सुकट निवडत बसल्या होत्या. मी फॉर्मचं सांगितलं. तान्ही मुलगी, अकरा दिवस, आणि तो शब्द. काकींचे हात थांबले नाहीत. सुकटीतली एक काडी काढून त्यांनी बाजूला ठेवली, मग दुसरी.

"सुनील्याच्या आधी माका एक असाच चेडू झालेला," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नेहमीचा मोठा नव्हता. "बाराव्या दिवशी बारसा होता. शेजारसून पाळणो मागून आणलेलो. अकराव्या दिवशी गेला."

मी थोडी सुकट माझ्यापुढे ओढून निवडायला लागले.

"तान्ह्या पोराक जाळूचा नाय, पुरतत. बायकांनी थय जावचा नाय. ह्यो नि माझो भाऊस घेऊन गेले. वर्षान मी ह्येका म्हटलंय, माका एकदा लांबसून तरी दाखव, खय ठेवलंस ता. ह्यो आधी एकटोच बघूक गेलो. परत इलो तो काय बोलाक नाय. थय सगळी जमीन सारखी केलेली. ह्येका जागा गावाक नाय. चार रविवार शोधीत होतो. आख्ख्या गिरगावाचे पत्ते पाठ, नि स्वताच्या चेडवाचो पत्तो सांगूक येवक नाय. मगे मी विचारूचा सोडलंय."

"आणि तो छोटा वडा?"

"पोराटोरांचा सराध नसता," काकी म्हणाल्या. "म्हणान पीठ उरता."

तो वडा काका कुठे ठेवत असतील, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि काकांनी कधी सांगितलं नव्हतं. मी वर घरी येऊन मोबाइलवरची ती सगळी थडगी मागे मागे जाऊन बघितली. कॅप्टनसाहेब होते, शाळेच्या मॅडम होत्या, स्पिनिंग मास्तरसुद्धा एकदा होता. सातव्या गल्लीतला तो तुटका दगड एकदाही नव्हता. एवढी वर्षं रोज सकाळी मी ह्या माणसाला हसत होते. मला माझाच राग आला.

नव्वद दिवस संपले, मग कमिटीची बैठक झाली आणि फर्नांडिसांनी आम्हांला बोलावलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. फर्नांडिसांनी पत्र वाचून दाखवलं. शेजारी हे नातं कमिटीच्या यादीत नाही, सबब एकेचाळीस फॉर्म नामंजूर. दगड मात्र फेकणार नाहीत, मागच्या भिंतीत उभे बसवतील.

काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "लायनीत लावणार?" त्यांनी विचारलं. "आता शेजारी आसत तसेच? माझ्या वहीप्रमाणे?"

"वहीप्रमाणे," फर्नांडिस म्हणाले. "तुम्ही उभे राहून लावून घ्या."

"ट्रान्झिट कॅम्प," काका माझ्याकडे वळून म्हणाले. हसले नाहीत. मग खुर्चीचा हात धरून त्यांनी विचारलं, "एकेचाळीस म्हणालात. फॉर्म बेचाळीस होते."

फर्नांडिसांनी गठ्ठ्याखालून एक कागद काढला आणि त्यावरचा शिक्का काकांकडे फिरवून धरला. "ह्याच्यावर जवळचं नातं लिहिलेलं आहे. नातं तपासायचं काम कमिटीने माझ्यावर सोडलंय. मी तपासलं." एवढं बोलून ते उगाचच ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधायला लागले. काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली आणि खाकी पिशवीत वहीच्या मध्ये ठेवली. थँक यू म्हणायचं राहून गेलं. फर्नांडिसांनीही वाट बघितली नाही.

पुढचे दोन आठवडे काका सकाळी जायचे ते दुपारी जेवायलाच परत. एकेक दगड निघाला, धुतला गेला आणि भिंतीत क्रमाने बसला. ग्रुपवर रोज नवे पत्ते येत होते. 'बदलीचा पत्ता: मागची भिंत, डावीकडून नववे.' सेक्रेटरींनी एक दिवस त्यावर नमस्काराचे हात पाठवले. चौदाव्या मजल्यावरच्या बाईही परत ग्रुपवर आल्या. कुणी सांगितलं त्यांना, माहीत नाही.

दगडांचं काम संपलं त्या रविवारी सकाळी ग्रुपवर काहीच आलं नाही. साडेसातला माझी बेल वाजली. दारात काकी. ठेवणीतलं हिरवं लुगडं, केसांना तेल, हातात पदराखाली झाकलेलं काहीतरी.

"माका थय घेऊन चल," त्या म्हणाल्या.

"बायकांनी जायचं नसतं ना?"

"तू जातंस ती कोण?"

टॅक्सीत त्यांनी पदराखालचा हात बाहेर काढला नाही. फाटकाच्या आत, तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी काका वाकून कॅप्टनसाहेबांचा दगड घासत होते. काकींना बघून ते उभे राहिले. हातातल्या किशीतून पाणी गळत होतं, ते त्यांच्या चपलेवर पडत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"पत्तो सांग," काकी म्हणाल्या.

काकांनी किशी दगडावर ठेवली. "सातवी गल्ली," ते म्हणाले. "ओवळीखाली. भिंतीकडसून तिसरा."

"माळो?"

"तळमजलो."

काकी निघाल्या. पत्ता पुरा होता; रस्ता कुणाला दाखवावा लागला नाही. काका चार पावलं मागून गेले आणि मी त्यांच्याही मागे, जरा लांबच थांबले. सातवी गल्ली आता मोकळी झाली होती, नुसती माती आणि त्या मातीत तो एकटाच, हातभर उंचीचा तुटका दगड. काकी त्याच्याजवळ बसल्या. पदराखालून कागदाची पुडी काढून दगडाशी ठेवली. सर्वपित्री अजून चार महिने लांब होती. मग त्यांनी दगडावर पालथा हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि वर झाडाकडे बघितलं.

"हयसर ऊन लागता," त्या म्हणाल्या.

"सकाळचाच," काका म्हणाले. "धा वाजले की सावली येता."